नोट्स सगळ्या विद्यार्थ्यांना वाचता-ऐकता येतील अशा कशा बनवाव्यात

आधी एक चाचणी करा. अभ्यासक्रमाची कुठलीही पीडीएफ उघडा, एक परिच्छेद निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मजकूर निवडलाच जात नसेल, तर ती फाइल म्हणजे पानांचे नुसते फोटो आहेत आणि अंध विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला, त्यात वाचण्यासारखं काही सापडत नाही. निवडला गेला, पण नोटपॅडमध्ये रोमन अक्षरांची खिचडी उतरली, तर मजकूर युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये आहे.

मराठी नोट्समध्ये हा दुसरा दोष वारंवार सापडतो. कृतिदेव या अशाच जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला ‘भारत’ पडद्यावर भारतच दिसतो, पण फाइलमध्ये साठलेली असतात एच, के, के, जे, आर ही अक्षरं. स्क्रीन रीडर तीच बोलतो. फॉन्टचं नाव बदलून हे सुटत नाही, कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. त्यानंतर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं एकेक करून तपासा. ‘वर्षे’, ‘स्थिती’, ‘दुसऱ्या’ अशा शब्दांत चुका हमखास राहतात.

फोटोवाल्या पीडीएफसाठी मूळ टाइप केलेली फाइल कुणाकडे आहे का, हे आधी विचारा, त्यात सगळ्यांत जास्त वेळ वाचतो. नसेल तर पानं ३०० डीपीआयला, सरळ आणि सावली न पडू देता स्कॅन करून ओसीआर करा, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवा. टेसरॅक्ट हा ओसीआर प्रोग्राम मराठी ओळखतो. तरी मुद्रितशोधन टाळू नका, कारण तक्ते, तळटीपा आणि दोन स्तंभांची पानं इथे हटकून विस्कटतात.

वर्डमधली फाइल

दुरुस्ती मूळ फाइलमध्येच करावी. पीडीएफमध्ये केलेली डागडुजी पुढच्या वर्षी नोट्स बदलल्या की वाया जाते.

पहिलं काम शीर्षकांचं. अक्षरं मोठी आणि ठळक केली की डोळ्यांना शीर्षक दिसतं, स्क्रीन रीडरला मात्र तो साधा परिच्छेदच वाटतो. ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल, ऑल्ट आणि १ दाबा म्हणजे ‘हेडिंग १’ लागतं. उपशीर्षकांना २ आणि ३. पातळी मध्येच गाळू नका. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरणारा विद्यार्थी ब्राउझ मोडमध्ये (कळा दाबून फाइलमध्ये फिरायच्या पद्धतीत) एच दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. शीर्षकंच नसतील तर चाळीस पानांत एक व्याख्या शोधायला त्याला सगळं पहिल्यापासून ऐकत जावं लागतं.

जागा सोडायला एंटर दाबत राहू नका, प्रत्येक रिकामी ओळ त्याच्या कानावर पडते. परिच्छेदामधलं अंतर सेटिंगमधून द्या, नवीन पानासाठी कंट्रोल-एंटर वापरा. तक्ते टॅब आणि स्पेसने रचू नयेत. ‘इन्सर्ट टेबल’ घ्या, पहिल्या ओळीला ‘रिपीट हेडर रोज’ लावा आणि कप्पे एकमेकांत विलीन करू नका, नाहीतर कोणता आकडा कोणत्या स्तंभाखालचा हे कळत नाही. मजकुराची भाषाही ‘मराठी’ अशी नोंदवा. इंग्रजी आवाज देवनागरी वाचायला गेला की अर्थ लागत नाही.

चित्रं, आलेख, रंग

चित्रावर राइट-क्लिक करून ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे स्क्रीन रीडर वाचून दाखवेल असं चित्राचं वर्णन, लिहा. ‘मागणी-पुरवठ्याचा आलेख’ एवढं पुरत नाही. असं लिहा: ‘मागणी वक्र डावीकडून उजवीकडे उतरतो, पुरवठा वक्र चढतो, दोन्ही किंमत २० आणि नगसंख्या ५० ला छेदतात.’ आलेख ज्यासाठी दिला तेच विद्यार्थ्यापर्यंत पोहोचायला हवं. हृदयाच्या आकृतीसारखं गुंतागुंतीचं चित्र असेल तर सविस्तर वर्णन मुख्य मजकुरातच द्या, ते सगळ्यांच्याच उपयोगी पडतं. चाचणीतल्या चित्राचं वर्णन लिहिताना उत्तर फुटणार नाही याची काळजी घ्या. नुसत्या शोभेच्या चित्राला ‘डेकोरेटिव्ह’ अशी खूण करा. समीकरणं फोटो म्हणून चिकटवू नका, इक्वेशन एडिटरमध्ये लिहा.

अक्षरं आणि पार्श्वभूमी यांचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर (उजेड-अंधारातला फरक) किमान ४.५:१ हवं, १८ पॉइंटच्या पुढच्या अक्षरांना ३:१ चालतं. महत्त्वाचे मुद्दे लाल करायची सवय इथे नडते. पांढऱ्यावर भडक लाल रंग जेमतेम ४:१ भरतो. गडद लाल घ्या, आणि रंगासोबत ‘महत्त्वाचे’ हा शब्दही लिहा, म्हणजे रंगांधळेपणा असलेल्या विद्यार्थ्याचंही काही सुटणार नाही.

पीडीएफ, व्हिडिओ, चाचण्या

पीडीएफ ‘प्रिंट’मधून काढली की शीर्षकं आणि तक्त्यांची रचना हरवू शकते. ‘सेव्ह अ‍ॅज’ वापरा आणि पर्यायांमध्ये ॲक्सेसिबिलिटी टॅगची चौकट टिकवलेली ठेवा. देवनागरी युनिकोडमध्ये असूनही पीडीएफमधून कॉपी करताना कधीकधी वेलांट्या जागा सोडतात, म्हणून सुरुवातीची नोटपॅड चाचणी पुन्हा करा आणि पीडीएफसोबत वर्ड फाइलही द्या.

व्हिडिओची आपोआप तयार झालेली कॅप्शन्स तशीच ठेवली तर कर्णबधिर विद्यार्थी चुकीचं शिकतो. विशेषनामं, संज्ञा, आकडे आणि नकार नीट ऐकून दुरुस्त करा. ‘होत नाही’मधला ‘नाही’ गळला की अर्थच उलटतो. शिकवताना ‘हे इथून तिकडे नेलं’ असं न म्हणता ‘उजवीकडचे ५ डावीकडे नेले, चिन्ह बदललं’ असं म्हणा. संपूर्ण लिखित संहिताही जोडा. बधिरांध विद्यार्थी ती ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे मजकूर बोटांना लागणाऱ्या ठिपक्यांत दाखवणाऱ्या उपकरणावर, वाचू शकतो.

ऑनलाइन चाचणी माऊस बाजूला ठेवून फक्त टॅब, बाण आणि एंटर या कळांवर सोडवून पाहा. ओढून जोड्या लावायचा प्रश्न इथेच अडकतो, त्याऐवजी यादीतून निवडायचा प्रश्न द्या. वेळेची मर्यादा एकेका विद्यार्थ्यासाठी वाढवता येते का, हे परीक्षेआधी तपासा.

वर्डमधलं ‘चेक ॲक्सेसिबिलिटी’ जरूर चालवा. मात्र ऑल्ट टेक्स्ट आहे की नाही एवढंच ते सांगतं, ते बरोबर आहे का हे त्याला कळत नाही. त्यासाठी एनव्हीडीए सुरू करा, मॉनिटर बंद करा आणि स्वतःच्याच नोट्समधून एक प्रश्न शोधून दाखवा. आणि सत्र सुरू होण्याआधीच विद्यार्थ्याला विचारा, त्याला कोणत्या स्वरूपात फाइल सोयीची पडते. जुना ढीग मोठा असेल तर पुढच्या दोन आठवड्यांत वर्गात लागणाऱ्या फाइल्सपासून सुरुवात करा.