काजूला पालवी फुटली, आता बागेत फेरी मारा

भात घरात आले की कोकणातल्या बागायतदाराचे सगळे लक्ष आंब्याच्या मोहोराकडे लागते. काजू मागे पडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बी वेचायला माणसे लावायची, एवढाच त्याच्याशी संबंध राहतो. मात्र काजूचे पीक ठरते ते आत्ता, नवी पालवी फुटल्यापासून बी वाटाण्याएवढी होईपर्यंत. या काळात दर आठवड्याला बागेत एक फेरी व्हायलाच हवी.

फेरीत सगळ्यात आधी शोधायचा तो ढेकण्या, म्हणजे टी मॉस्क्विटो. कीड बारीक आणि लांबट असते, डोके काळे, पाठीचा पुढचा भाग तांबूस, मिशा लांब. पाठीवर टाचणीसारखा उभा काटा दिसला की ओळख पक्की. पिल्ले आणि प्रौढ दोन्ही कोवळ्या फांदीतला, मोहोरातला आणि कोवळ्या बियांतला रस शोषतात. सोंड खुपसताना लाळ आत जाते, ती विषारी असते. म्हणून टोचलेल्या जागी आधी पाणीदार डाग पडतो, मग तो तपकिरी-काळा होऊन लांबट चट्टा दिसतो. असे चट्टे वाढले की शेंडा सुकतो आणि लांबून झाड आगीने होरपळल्यासारखे दिसते. पुष्कळदा लोक याला धुक्याचा किंवा खाऱ्या वाऱ्याचा परिणाम समजून सोडून देतात. तसे करू नका. सुकलेला शेंडा हातात घ्या, चट्टे पाहा, त्यावर चिकाचे थेंब आहेत का बघा. जवळची कोवळी फांदीही तपासा. ही कीड अंडी फांदीच्या आत घालते आणि त्यांचे दोन बारीक धागे तेवढे बाहेर राहतात. नजर बसली की ते ओळखता येतात.

अंडी अशी आत सुरक्षित असल्यामुळे एका फवारणीने काम संपत नाही. शिफारस तीन फवारण्यांची आहे: पहिली पालवी फुटताना, दुसरी मोहोर बाहेर पडताना, तिसरी फळधारणेच्या वेळी. पहिलीसाठी लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ५ टक्के प्रवाही, १० लिटर पाण्यात ६ मिली. दुसरीसाठी प्रोफेनोफॉस ५० टक्के प्रवाही, १० लिटरला १० मिली. एकच औषध तिन्ही वेळा मारू नका. तिसऱ्या फवारणीचे औषध आणि चालू हंगामातल्या शिफारशी वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारून घ्या, कारण औषधांवरचे निर्बंध बदलत असतात. कपाटात उरलेले मोनोक्रोटोफॉस काढून मारण्याचा मोह तर अजिबात नको.

तारीख धरून फवारणी करू नका, झाड बघून करा. कलमांच्या बागेत पालवी साधारण एकदम येते. बियांपासून वाढलेल्या जुन्या गावठी झाडांत मात्र एकाला मोहोर आलेला असतो आणि शेजारचे अजून पालवीतच असते. अशा बागेत झाडांचे दोन-तीन गट पाडून गटागटाने फवारा. ढगाळ हवा आली की फेऱ्या वाढवा. पेरू, कडुलिंब, कोको या झाडांवरही ही कीड जगते, तेव्हा बांधावरची अशी झाडेही तपासा. शेजाऱ्याशी बोलून दोन्ही बागा एकाच दोन दिवसांत फवारल्या तर औषधाचा खरा उपयोग होतो, नाहीतर कीड कुंपण ओलांडून परत येते.

मोहोर पूर्ण फुललेला असताना मात्र हात आवरा. काजूच्या एकाच मोहोरात नर फुले पुष्कळ आणि संयुक्त फुले, म्हणजे नर-मादी दोन्ही भाग असलेली, थोडी असतात. बी धरते ती संयुक्त फुलाला, आणि परागकण तिथवर मधमाश्या व इतर कीटक नेतात. ते मेले तर ढेकण्यापासून वाचवलेला मोहोर रिकामाच राहील. फवारायचेच असेल तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर. झाडावर तांबड्या मुंग्यांची पानांची घरटी असतील तर तीही मोडू नका. वेचणी करताना त्या चावतात हे खरे, पण ढेकण्याला खाणाऱ्या त्याच आहेत.

त्याच फेरीत खाली वाकून बुंधा बघा. खोडाच्या तळाशी किंवा उघड्या मुळांवर बारीक भुसा आणि डिंक दिसला तर आत खोडकिड्याची अळी आहे. साल अलगद तासून वाट शोधा, तारेने अळ्या बाहेर काढून मारा आणि त्या जागी क्लोरपायरीफॉस २० टक्के प्रवाही १० मिली एक लिटर पाण्यात मिसळून चोपडा. जिथे अर्ध्याहून जास्त घेराची साल खाल्ली गेली आहे आणि पाने पिवळी पडली आहेत ते झाड वाचत नाही. जीवावर येते, पण ते मुळासकट काढून बागेबाहेर न्या. उभे ठेवले तर त्यातूनच पुढची पिढी शेजारच्या झाडांवर जाते.

खतांचे काम ऑगस्टमध्ये झालेले असायला हवे. पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला १ किलो नत्र, २५० ग्रॅम स्फुरद आणि २५० ग्रॅम पालाश लागते. राहून गेले असेल तर आता कोरड्या मातीवर युरिया फेकून पैसे घालवू नका.

पहिल्या दोन वर्षांच्या कलमांना मोहोर येईल आणि आनंदही होईल, तरी तो खुडून टाका. झाडाची ताकद वाढीकडे जाऊ द्या. कलमाच्या जोडाखालून फुटवे येत असतील तर तेही काढा, नाहीतर कलम मरून खालचे गावठी झाड वाढते. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावेच लागते. मोठ्या झाडांसाठी सोय असेल तर जानेवारी ते मार्च दर पंधरा दिवसांनी झाडाला २०० लिटर द्या.

मोबाइलवर जाहिराती बघून काही जण काजूच्या जागी अक्रोड लावायचे म्हणतात. अक्रोडाला हिवाळ्यात शेकडो तास ७ अंशांखालची थंडी लागते. ती काश्मीर-हिमाचलात मिळते, कोकणात नाही. त्या पैशांत वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ या काजूच्या जातींची खात्रीची कलमे येतील. ७ बाय ७ मीटरवर लावली तर हेक्टरी २०० बसतात.

राहिला वणवा. पावसात वाढलेले गवत आता वाळू लागले आहे आणि जानेवारीनंतर एका ठिणगीत दहा वर्षांची बाग जाते. गवत याच महिन्यात कापा. कापलेले गवत बुंध्यापासून वीतभर लांब, आळ्यात पसरून त्यावर माती टाका, म्हणजे ओलावाही टिकेल. बागेच्या चारही बाजूंनी निदान तीन मीटरचा पट्टा जमिनीपर्यंत साफ करा. रस्त्याकडच्या आणि डोंगराकडच्या बाजूला तो आणखी रुंद ठेवा. मोहोराच्या वेळी हा पट्टा पुन्हा एकदा पाहा, कारण वाऱ्याने पाचोळा त्यात परत साठतो.