पगार बेताचा, कार्डची बाकी हटत नाही, तर फेडायचं कसं

दर महिन्याला न चुकता पैसे भरताय आणि तरी क्रेडिट कार्डची बाकी तिथल्या तिथेच, असं होत असेल तर आधी बिलावरचा ‘मिनिमम ड्यू’ (या महिन्यात कमीत कमी एवढे तरी भरा, म्हणून बँक छापते तो) हा आकडा नीट समजून घ्या, सगळं तिथेच अडकलेलं असतं.

समजा बाकी ५०,००० आहे, व्याज महिन्याला ३ टक्के आणि मिनिमम ५ टक्के. (तुमच्या कार्डचे आकडे वेगळे असतील, ते स्टेटमेंटवर बारीक अक्षरात असतात, शोधा.) पहिल्या महिन्यात तुम्ही २,५०० भरले तर त्यातले १,५०० व्याजातच गेले, मुद्दल कमी झालं फक्त १,०००. पुढच्या महिन्यात बाकी जराशी कमी म्हणून मिनिममही जरासं कमी येतं, आपल्याला वाटतं बरं झालं थोडे पैसे वाचले, आणि नेमकं तिथेच नुकसान होतं. असंच वर्षभर मिनिमम भरत राहिलात तर खिशातून जवळपास २७,००० जातात आणि कर्ज ११,००० नी पण कमी होत नाही.

आता उपाय, आणि माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा आहे. पहिल्या महिन्यात जे २,५०० भरलेत तोच आकडा धरून ठेवा, मिनिमम कितीही खाली आलं तरी भरायचे २,५००च. एवढंच केलंत तरी ३१ महिन्यांत कर्ज संपतं. घटतं मिनिमम भरत राहिलात तर त्याच ३१ महिन्यांनंतर अर्ध्याहून जास्त बाकी शिल्लक असते. आणि कुठूनतरी अजून ५०० काढता आले, म्हणजे ३,०००, तर २४ महिन्यांतच मोकळे. बेताच्या पगारात ५०० काढणं किती अवघड असतं ते माहितीये, पण ते ५०० सात महिने वाचवतात. हा हिशोब नवीन खरेदी नाही, लेट फी नाही असं धरून केलाय.

म्हणून कार्ड वापरणं थांबवायचंच. बरेच जण म्हणतात की किराणा तेवढा कार्डवर घेतो आणि लगेच भरतो, पण जुनी बाकी असताना बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदत मिळतच नाही, नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. कार्ड पाकिटातून काढा, फोनमधल्या अ‍ॅपमध्ये आणि शॉपिंग साइटवर सेव्ह केलेलं असतं तिथूनही काढून टाका, जी सबस्क्रिप्शन त्यावरून आपोआप कटतात ती बंद करा नाहीतर डेबिट कार्डवर घ्या. आणि कार्डवरून कॅश काढणं तर अजिबात नको, त्यावर फी वेगळी आणि व्याज त्याच दिवसापासून.

पैसे भरायची तारीख पण बघा. व्याज बहुतेक ठिकाणी रोजच्या बाकीवर मोजतात, त्यामुळे शेवटच्या तारखेची वाट बघण्यात काही फायदा नाही, पगार झाला की त्याच दिवशी भरून टाका. शिवाय खात्यात पैसे पडून राहिले की ते कुठेतरी जातातच. मिनिममला ऑटो डेबिट लावून ठेवा म्हणजे विसरलात तरी लेट फी बसणार नाही, पण खात्यात तेवढे पैसे ठेवा.

मात्र भाडं, रेशन, वीज, औषधं, मुलांची फी हे आधी, कार्ड नंतर. घरावर किंवा गाडीवर कर्ज असेल तर त्याचा हप्ता पण आधी, कारण तो थकला तर वस्तूच जाते. वसुलीवाले फोन करून कितीही घाई करू देत, घरचं खाणं तोडून त्यांना भरू नका. आणि थोडेसे पैसे बाजूला ठेवाच, नाहीतर कोणी आजारी पडलं की परत कार्डच बाहेर येतं.

दोन-तीन कार्ड असतील तर सगळ्यांचं मिनिमम भरून उरलेला प्रत्येक पैसा ज्याचं व्याज जास्त त्यावर टाका, पैसे त्यातच जास्त वाचतात. एखाद्यावर अगदीच किरकोळ बाकी असेल तर ते आधी संपवलं तरी चालेल, एक बिल कमी झालं की जिवाला बरं वाटतं.

बँकेला फोन करा, आणि हप्ता चुकायच्या आधी करा. कार्डवरच्या बाकीचं ईएमआयमध्ये, म्हणजे ठरलेल्या मासिक हप्त्यांत, रूपांतर होईल का विचारा, व्याज बऱ्याचदा कमी पडतं, पण प्रोसेसिंग फी किती आणि लवकर फेडलं तर दंड आहे का हे पण विचारा. पर्सनल लोन घेऊन कार्ड फेडायचं असेल तर व्याज खरंच कमी असेल तरच, आणि मुदत उगाच लांबवू नका. बॅलन्स ट्रान्सफरमध्ये, म्हणजे एका कार्डची बाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डवर हलवण्यात, कमी व्याज ठरावीक महिनेच असतं, तेवढ्यात फिटणार नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवरून घेऊन कार्ड भरणं तर नकोच नको, एकाचे दोन सावकार होतात.

सेटलमेंटची, म्हणजे थोडी रक्कम भरा आणि उरलेली सोडून देतो अशी, बँकेची ऑफर आली की मोह होतो, पण क्रेडिट रिपोर्टमध्ये (तुमच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद असते त्यात) ‘सेटल्ड’ अशी नोंद राहते आणि पुढे कर्ज मिळायला त्रास होतो. अगदीच फेडणं शक्य नसेल तेव्हाच तो पर्याय घ्या, आणि आकडा लेखी हातात आल्याशिवाय एक पैसाही भरू नका.

अजून एक, घरात सांगा. लपवून एकट्याने फेडताना माणूस फार खचतो, आणि घरच्यांना माहीत नसेल तर खर्च कमी होणार तरी कसा.

बाकी शून्य झाली की पुढचं एक स्टेटमेंट नक्की बघा, मधल्या दिवसांचं थोडं व्याज त्यात लागून येतं आणि ते राहिलं तर त्यावर परत लेट फी बसते. ते पण भरा, बँकेकडून नो ड्यूजचं, म्हणजे काहीही देणं बाकी नाही असं, पत्र घ्या आणि महिना-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून बाकी शून्य दिसतीये का ते तपासा.