आयसोप्रोस्टेन मोजताय? या चुका टाळा

आयसोप्रोस्टेन म्हणजे शरीरातली चरबी ऑक्सिजनने खराब झाली की तयार होणारे रेणू. ते रक्तात किंवा लघवीत मोजतात. दर वर्षी चवथीची सुट्टी संपली की कुणीतरी विद्यार्थी पडेल चेहऱ्याने येतो. "सर, कंट्रोलमध्येच, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी गटातच, व्हॅल्यू जास्त येतायत." मी आकडे बघतच नाही. विचारतो, प्लाझ्मा (रक्तातल्या पेशी काढून उरलेलं पाणी) कुठे ठेवला होता?

"मायनस ट्वेंटी अंशांच्या फ्रीजरला. मायनस एटीत जागा नव्हती."

घरच्या फ्रीजरमध्ये महिनाभर पडलेला बांगडा खाऊन बघा. खवट लागतो. थंडीतही ऑक्सिजन त्याची चरबी खराब करत राहतो. (खोबरेल टिकतं, कारण ते बहुतेक संतृप्त.) प्लाझ्मातल्या अरॅकिडोनिक आम्लाची (हे एक असंतृप्त स्निग्धाम्ल) तीच गत. आयसोप्रोस्टेन बनायला एन्झाइम लागत नाही, फ्री रॅडिकल (दिसेल त्या रेणूवर झडप घालणारे अस्थिर रेणू) पुरतात, म्हणून तर ते ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचे, म्हणजे अशा झडपांनी होणाऱ्या नुकसानीचे, मार्कर. पण ट्यूबमध्येही ते तसेच बनतात. गंमत म्हणजे १९९० साली मॉरो आणि रॉबर्ट्स या संशोधकांच्या हाती ते लागले तेच मुळी −२० अंशांवर काही महिने ठेवलेल्या प्लाझ्मात! ज्या चुकीतून शोध लागला, तीच चूक आपण अजून करतोय.

आमच्याकडे एका मुलीने सिगारेट ओढणारे आणि न ओढणारे असे दोन गट घेतले होते. न ओढणाऱ्यांचं रक्त मे महिन्यात घेतलेलं, डबा मायनस ट्वेंटीत. जुलैत गडगडाट, रात्रभर वीज नाही. ओढणारे नंतर मिळाले, ते थेट मायनस एटीत. निकाल उलटा: न ओढणाऱ्यांतच जास्त. ओढणाऱ्यांत हे वाढतात हे १९९५ सालीच दाखवून झालंय, आणि ही 'नवीन निष्कर्ष' लिहायला बसली होती! सगळे नमुने फेकायला लावले. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तेव्हापासून माझा हट्ट असा: बर्फाची बादली रक्त घेणाऱ्याच्या खुर्चीपाशी. ट्यूब ईडीटीएची (रक्त गोठू न देणारं रसायन). प्लाझ्मा वेगळा केला की लगेच त्यात बीएचटी (चरबी खवट होऊ न देणारं रसायन), चहा नंतर. छोटे छोटे भाग करून त्याच दिवशी −८० ला. तिथे जागा नसेल तर त्या दिवशी रक्तच घेऊ नका.

एवढा सोस नको असेल तर लघवी घ्या. तिच्यात लिपिड, म्हणजे चरबी, जवळजवळ नसतं, त्यामुळे ठेवल्या ठेवल्या नवे आयसोप्रोस्टेन बनत नाहीत. लघवी किती पातळ आहे हे धरण्यासाठी आकड्याला क्रिएटिनिनने (लघवीतून बाहेर पडणारा एक टाकाऊ पदार्थ) भागायला मात्र विसरू नका. मेमधला घाम आणि चार शहाळी यांनी आकडा कुठच्या कुठे जातो.

प्लाझ्मा लालसर दिसला, म्हणजे रक्तपेशी फुटल्या, तर टाकून द्या, वाद नको.

तुम्ही फ्री (नुसते सुटे आयसोप्रोस्टेन) मोजलं आणि शोधनिबंधात टोटल (सुटे अधिक चिकटलेले) असेल तर तुलना करू नका. बरेचसे आयसोप्रोस्टेन फॉस्फोलिपिड नावाच्या चरबीला चिकटलेले असतात. टोटलसाठी आधी पोटॅशियम हायड्रॉक्साइडने ते सोडवावे लागतात.

एलायझा किट (अँटीबॉडीने रेणू पकडून मोजणारी तयार चाचणी) झटपट होतं, म्हणून सगळ्यांना आवडतं. त्यातली अँटीबॉडी आयसोप्रोस्टेनसारख्या दिसणाऱ्या भावंड-रेणूंनाही पकडते, दोन किटांचे आकडे जुळत नाहीत. मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी (रेणू वजनावरून ओळखणारं यंत्र) रांगेत थांबा, आणि ड्युटेरियमवालं स्टँडर्ड (जड हायड्रोजन घातलेला, मोजून टाकलेला तोच रेणू) अगदी सुरुवातीलाच घाला, शेवटी आठवलं म्हणून नव्हे.

राहिलं टीबार्स, चरबी खराब झाली का हे रंगावरून बघायची चाचणी. ५३२ नॅनोमीटरला गुलाबी रंग आला की 'एमडीए (चरबी खराब होताना बनणारा पदार्थ) वाढलं' लिहून मोकळे होतात. तो रंग साखरेनेही येतो हो.