रिडेव्हलपमेंटमध्ये जाणारी जुनी बोगनवेल उचलून तिचं बोन्साय कसं करायचं

जुनी सोसायटी नाहीतर बंगला रिडेव्हलपमेंटला गेला की जेसीबी सगळ्यात आधी कंपाउंडच्या कडेने फिरतो आणि तीस-चाळीस वर्षांची बोगनवेल, कुंती, कोयनेल, जास्वंद सगळं राडारोड्याबरोबर डंपरमध्ये जातं. तेवढ्याच जाडीचं खोड नर्सरीत बोन्साय मटेरियल म्हणून घ्यायला गेलात तर चांगले हजारांत पैसे मोजावे लागतात. तेव्हा ओळखीपाळखीत कुठे पाडापाडी होणार असेल तर आधीच सांगून ठेवा, कारण जेसीबी आल्यावर गेलात तर हातात फक्त चिरफळ्या येतात.

परवानगी मालकाची किंवा सोसायटीची घ्यायचीच, आणि तोंडी नको, व्हॉट्सॲपवर का होईना पण लेखी. शहरात झाडं काढायची तर १९७५ चा महाराष्ट्राचा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, ती बिल्डरने काढलीय का ते एकदा बघून घ्या. आणि घाटातून, रानातून, किल्ल्यांच्या तटावरून झाडं उपटून आणणाऱ्यांना माझ्याकडून काहीही सल्ला मिळणार नाही.

पहिल्यांदा करत असाल तर बोगनवेलच घ्या. मुळं जवळजवळ सगळी गेली तरी जुन्या खोडातून परत मुळं आणि फुटवे काढायची ताकद तिच्यात आहे. कुंती दिसायला जास्त सुंदर, लाकूड टणक, पान बारीक, पण तिला बोगनवेलीसारखं बोडकं करून चालत नाही, थोडी पानं आणि मुळांभोवतीची माती ठेवूनच काढावी लागते आणि मग ती आपल्या सावकाश चालीने चालते, त्यामुळे तिच्याकडे दुसऱ्या फेरीत वळा. कोयनेल काहीही सहन करते. ड्युरांटाचं लाकूड लवकर कुजतं. कण्हेर माझ्या मते सोडूनच द्या, सगळं झाड विषारी, चीक हाताला लागतो आणि घरात लहान मुलं असतील तर कशाला हवाय तो ताप.

झाड निवडताना वर बघायचंच नाही. फुलं, रंग, किती फुललीय ते सगळं विसरा, वरचं सगळं तसंही कापायचंय. बुंध्याजवळची माती हाताने बाजूला करा आणि जमिनीत शिरताना खोड कसं पसरतंय ते बघा. वर्षानुवर्षं माळ्याने कुंपण म्हणून छाटलेली झाडं यासाठी फार चांगली, सारखी छाटून छाटून बुंधा जाड झालेला असतो आणि फांद्या खालूनच फुटलेल्या असतात. गेटच्या कमानीवर चढवलेली बोगनवेल मात्र बऱ्याचदा सरळसोट पाइपसारखी निघते, तिच्यात पहिल्या फुटापर्यंत वळण नसेल तर राहू द्या.

वेळ. पुणे, नाशिक, नगर, संभाजीनगर अशा कोरड्या भागात फेब्रुवारीअखेर ते मार्च. "पावसाळ्यात लावा, सगळं जगतं" हे तुम्हाला हमखास कोणीतरी सांगेल, पण ते मुळं असलेल्या रोपाबद्दल खरं आहे. मुळं नसलेलं खोड जुलैच्या संततधारेत ठेवलं तर खालून कुजतं. मार्चमध्ये काढलेल्या झाडाला उन्हाळ्याच्या उष्णतेत मुळं फुटायला दोन-तीन महिने मिळतात आणि जूनमध्ये हवा दमट होते तेव्हा ते तयार असतं.

काढणं म्हणजे निव्वळ हमाली. आधी वरच्या फांद्या करवतीने छाटून टाका (जाड हातमोजे घाला, ते काटे चेष्टा नाही), मग बुंध्यापासून फूटभर अंतरावर गोल चर खणा, आडवी मुळं कापत जा, शेवटी पहारीने खालून उचला. आपल्याकडे खाली मुरूम लागतो त्यामुळे मुळं बरीचशी आडवीच गेलेली असतात, हा एक फायदा. जेसीबीवाला "एका झटक्यात काढून देतो" म्हणेल, त्याला नम्रपणे नाही म्हणा. खोड चिरतं, साल सोलवटते, आणि बोगनवेलीची साल जिथे गेली तिथली पट्टी वरपर्यंत सुकत जाते.

काढल्यावर ओल्या बारदानात गुंडाळून घरी आणायचं आणि त्याच दिवशी लावायचं. खोडाची उंची बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहापट हा बोन्सायवाल्यांचा जुना हिशोब आहे, मी त्याहून कमीच ठेवतो कारण वरचा शेंडा नंतर नव्या फांदीतून करायचाच असतो. वरचा काप तिरका घ्या, पाणी साचलं की बोगनवेलीचं मऊ लाकूड आतून सडत जातं. गाजरासारखी जाड मुळं असतील ती खालून सपाट कापा, म्हणजे पुढे उथळ पॉटमध्ये झाड बसेल, बारीक मुळं मात्र जेवढी आहेत तेवढी जपा. फाटलेली टोकं धारदार कटरने परत स्वच्छ करा. मोठ्या कापांवर डाळिंब-द्राक्षवाले छाटणीनंतर लावतात ती बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावली की झालं. कापांवर हळद, मध, दालचिनी लावायला कोणी सांगितलं तर ती जेवणात वापरा.

लावायला भाजीचा प्लास्टिक क्रेट घ्या, आतून ग्रीन नेट. शोभेचा पॉट आत्ता अजिबात नको. माती म्हणजे निम्म्याहून जास्त चाळलेला विटांचा चुरा नाहीतर पमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड), बाकी थोडं कोकोपीट आणि थोडी पोयटा माती, खत शून्य. काळी माती नको म्हणजे नको. आणि झाड क्रेटला बांधा, तारेने किंवा सुतळीने, क्रेटच्या भोकांतून काढून, इतकं घट्ट की खोड धरून क्रेट उचलला तरी हलणार नाही. ही गोष्ट लोक टाळतात आणि मग वाऱ्याने झाड रोज थोडं थोडं डुलतं आणि केसाएवढी नवीन मुळं रोज तुटतात.

आता खरा अवघड भाग, ज्याने मला सुरुवातीला पुष्कळ छळलं आणि ज्याबद्दल बहुतेक व्हिडिओंमध्ये "सावलीत ठेवा आणि पाणी घाला" एवढंच असतं.

तीन ते पाच आठवड्यांत खोडावर बारीक लालसर कोंब दिसायला लागतात. लोक फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात, पन्नास अंगठे येतात, आणि दुसऱ्या दिवशी झाड उन्हात जातं, खत पडतं, पाणी दुप्पट होतं. पंधरा दिवसांत सगळे कोंब माना टाकतात. कारण कोंब आले म्हणजे मुळं आली असं नाहीये! जुन्या जाड खोडात स्टार्चचा मोठा साठा असतो, पहिली पालवी त्या साठ्यावर निघते, खाली एकही मूळ नसताना. नोकरी गेलेला माणूस पीएफ मोडून घर चालवतो तसं ते, बाहेरून सगळं ठीक दिसतं. आणि गंमत म्हणजे ही पालवीच जास्त पाणी उडवते, म्हणजे बोडकं खोड होतं त्यापेक्षा पालवी आल्यावर झाड जास्त धोक्यात असतं.

म्हणून पिशवी. पारदर्शक प्लास्टिकची मोठी पिशवी खोडावर उलटी घालायची, आत दोन काड्या उभ्या करून ती कोंबांना टेकणार नाही असं बघायचं, आणि खाली बुंध्याशी सैलसर बांधायची. बुंध्याशी, क्रेटच्या कडेला नाही. पूर्ण क्रेट पिशवीत घातला की माती महिनाभर वाळत नाही आणि मुळं फुटायच्या जागीच बुरशी धरते. खोडाला दमट हवा हवी आणि मातीला कोरडं व्हायला वाव हवा, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या, सगळी युक्ती एवढीच आहे. जागा भरपूर उजेडाची पण थेट ऊन न येणारी, कारण एप्रिलच्या उन्हात ती पिशवी तासाभरात आतलं सगळं शिजवते. उत्तरेकडची बाल्कनी उत्तम.

पाणी: लावल्यावर एकदा खालून स्वच्छ पाणी निथळेपर्यंत, त्यानंतर उदबत्तीची काडी मातीत तीन-चार इंच खुपसून बघायची, ओलसर निघाली तर त्या दिवशी पाणी नाही. सुरुवातीला पानंच नाहीत तर पाणी पिणार कोण? रोज सकाळी सवयीने मगभर पाणी ओतणारी माणसं घरात असतील (आमच्याकडे आहेत) तर क्रेटवर चिठ्ठी लावा. खोडावर दिवसातून एकदा-दोनदा स्प्रे चालतो.

कोंब मध्येच कोमेजले तर पाणी वाढवायचं नाही. पिशवीला कुठे भोक पडलंय का, ऊन येतंय का, झाड हलतंय का ते बघा, आणि बुंध्याची साल नखाने किंचित खरवडा, खाली हिरवं असेल तर पेशन्स ठेवा. बुंध्याला नख दाबलं जात असेल, आंबूस वास येत असेल तर मात्र कुज लागलीय, काढून कुजका भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा, बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवा, नवीन कोरड्या मिक्समध्ये लावा. यातून वाचतात काही, सगळी नाही.

मुळं आली हे ओळखायचं कसं? उपटून बघून नाही!! पहिले कोंब काही इंच वाढून थांबतात, तसेच थांबून राहतात, मग एक दिवस परत चालू होतात, शेंडे जोमाने लांबतात, जुनी पानं गडद आणि कडक होतात, नव्या फांदीवर काटे दिसायला लागतात. ही दुसरी वाढ नव्या मुळांच्या जोरावर असते. क्रेटचा फायदा इथे कळतो, नेटमधून पांढरी टोकं डोकावतात. ती दिसेपर्यंत खत, ऊन, छाटणी, जागा बदलणं, पाहुण्यांना उचलून दाखवणं, सगळं बंद.

पिशवी एकदम काढायची नाही. आधी वरचा एक कोपरा कापा, तीन-चार दिवसांनी दुसरा, मग बाजूला चिरा, असं दहा-पंधरा दिवस, आणि शेवटची काढणी संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी. मार्चचं झाड असेल तर हे बरोबर जूनच्या पहिल्या सरींच्या आसपास येतं. तरी क्रेट पत्र्याखाली ठेवा, धो धो पाऊस थेट नको. मुंबई-कोकणात हवा मुळातच दमट असते, तिथे पिशवी कमी दिवस आणि बुरशीकडे लक्ष जास्त.

इथून पुढे सोपं आहे. हळूहळू पूर्ण उन्हात आणा, पेंडीचं पाणी सुरू करा आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत कात्री लपवून ठेवा. झाड गबाळं दिसणार, सहा फूट फोक जाणार, जाऊ द्या, जितकी पानं तितकी मुळं. मग नको त्या फांद्या काढा (कापाभोवती झुबक्याने फुटतात, एका जागी एकच ठेवा, नाहीतर तिथे गाठ होते) आणि ठेवलेल्या फांद्या दोन डोळे (फुटवा येतो त्या जागा) ठेवून कापा. शेंडा म्हणून ठेवलेली फांदी सगळ्यात जास्त वाढू द्या, खोडापासून शेंड्यापर्यंतची जाडी हळूहळू निमुळती दिसायला तोच एक मार्ग आहे.

वायरिंग, म्हणजे फांदीला तार गुंडाळून हवं तसं वळण देणं, ॲल्युमिनियमच्या तारेने, फांदी हिरवी असताना. बोगनवेलीची जुनी फांदी वाकत नाही, कट्कन मोडते. तार काही आठवड्यांत सालीत रुतते, दर रविवारी बघायची सवय लावा.

उथळ पॉट तिसऱ्या वर्षी, परत फेब्रुवारी-मार्चमध्येच, आणि तेव्हाही सगळी माती झाडून टाकू नका, बोगनवेलीची मुळं ठिसूळ असतात. फुलं हवी असतील तर दिवसाचं सहा तास तरी ऊन आणि पाण्याचा थोडा ताण द्यावा लागतो, पान किंचित मलूल झालं की मग पाणी. छाटलेल्या फोकांचे बोटाएवढे जाड तुकडे फेकू नका, त्याच विटांच्या चुऱ्यात खोचले तर बरेचसे लागतात, सोसायटीतल्या कोणालातरी द्यायला होतात.