वांग्याचं बी धरायचं असेल तर झाडं आत्ताच हेरा

चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की चातुर्मासात वांगं वर्ज्य करणारी घरंही भाजीबाजारात येतात आणि मागणी थेट भोगीपर्यंत टिकते. मग कृष्णाकाठचा वांगेवाला पहिल्या प्रतीचं एकेक फळ क्रेटमध्ये भरतो. बियाची आठवण होते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, प्लॉट थकल्यावर. तोवर झाडावर पिकलेलं असतं ते तोड्यात नजरेतून सुटलेलं, वेडंवाकडं, कुठंतरी किडलेलं फळ. बी त्याचंच निघतं. ‘जुना वाण आता राहिला नाही’ म्हणतात, त्यामागे बऱ्याचदा अशी वर्षानुवर्षं चाललेली उलटी निवड असते.

कराड, वाळवा, पलूस, मिरज भागात ऑक्टोबरात लागण झालेले प्लॉट आता सुरुवातीच्या तोड्यांवर असतील. निवडीची वेळ हीच.

निवड फळाची नको, झाडाची करा. बांधालगतचं, पाटाकडेचं किंवा खताचा ढीग होता तिथलं झाड अंगाने भरलेलं दिसतं, पण ते गुण जागेचे. ते बियात उतरत नाहीत. म्हणून प्लॉटचे मनातल्या मनात आठ-दहा भाग पाडा आणि प्रत्येक भागातून शेजारच्या झाडांपेक्षा सरस अशी दोन-तीन झाडं घ्या. एकूण वीस-पंचवीस झाडं हवीत. दोन-चार झाडांवर सगळा वाण उभा करणं धोक्याचं. झाडाला रंगीत चिंधी बांधा आणि तोडणीच्या बायकांना ती दाखवून ठेवा, नाहीतर बियाचं फळ सकाळच्या गाडीने मार्केटला जाईल.

पट्टे, चकाकी, आकार, देठावरचे काटे हे पाहालच. (काटे तोडणाऱ्याला नको असतात, पण आपलं गिऱ्हाईक काटेरी देठ बघूनच वांगं उचलतं.) शेंडे कमी वाळलेत का, अळीची फळं किती निघतात, हे निदान तीन तोडे पाहा. आणि त्या झाडाचं एक वांगं घरी भरून खाऊन बघा. कडवट किंवा बियाळ लागलं तर चिंधी सोडा, झाड कितीही लगडलेलं असो. बोकड्या, म्हणजे पर्णगुच्छ झालेलं झाड उपटून गाडा. तो रोग तुडतुडे पसरवतात.

वांग्यात बहुतेक स्वपरागीभवन होतं, पण भुंगे-मधमाश्यांमुळे परपरागही बराच येतो. शेजारी दुसरी जात असेल तर निवडीवर पाणी पडतं. प्रमाणित बियाण्यासाठी १०० मीटर अंतर सांगितलंय. आपल्या तुकड्यांच्या शेतीत ते जमणं अवघड. त्यावर सोपा उपाय म्हणजे उद्या उमलेल अशी कळी आज संध्याकाळी मलमलच्या पिशवीत बांधणं. मात्र प्रत्येक फुलाला फळ धरत नाही. मधला दांडा पिवळ्या परागकोशांच्या बाहेर आलेला किंवा त्यांच्या बरोबरीचा असेल तरच फळ धरतं. आखूड दांड्याची फुलं बहुधा गळतात. कळीत हे दिसत नाही, म्हणून प्रत्येक झाडावर चार-पाच कळ्या बांधा. फळ धरलं की पिशवी काढून देठाला दोरा बांधा. बियासाठी झाडावर दोन-तीनच फळं ठेवा, बाकीची खुशाल विका.

फळ पिवळं-तपकिरी होईपर्यंत झाडावरच राहू द्या. मग गर कुस्करून पाण्यात धुवा. तरंगणारं बी टाका, तळाचं घ्या. सावलीत खडखडीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. फळकुजीची फोमोप्सिस बुरशी बियातून येते, त्यामुळे पेरणीआधी ५० अंश सेल्सिअस पाण्यात ३० मिनिटं बी ठेवणं फायद्याचं. तापमापी नसेल तर या भानगडीत पडू नका, अंदाजाने तापवलेल्या पाण्यात बी शिजेल. त्यापेक्षा किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी मित्रबुरशी) चोळा.

हे सगळं गावरान किंवा सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या वाणासाठी. राहुरी कृषी विद्यापीठाचं ‘कृष्णा’ हे संकरित वांगं आहे, कृष्णाकाठचा जुना वाण नव्हे. त्याचं बी धरलंत तर पुढच्या पिढीत झाडागणिक फळ वेगळं दिसेल.

प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या पुडीत ठेवा, पुडीवर झाडाचा नंबर घाला. पुढच्या हंगामात एका पुडीची एक ओळ लावा. ज्या ओळीत झाडं एकसारखी आणि आईसारखी निघतील तीच पुढे न्या; ज्या ओळीत सरमिसळ दिसेल तिची वांगी बाजाराला जाऊ द्या, बियाला नको. तीन-चार हंगाम असं केलं तर प्लॉट एकसारखा दिसू लागतो. नात्यागोत्यात बी द्यायला हरकत नाही; २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं बी राखण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिलेला आहे. मात्र सगळं बी एकदम वाटून टाकू नका. मूठभर डब्यात राहू द्या, कारण एखाद्या वर्षी रोपवाटिकाच पाण्याखाली जाते.