मनोरुग्णालयातला पक्षकार: या कामात नव्याने येणाऱ्या वकिलांसाठी

विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर आल्यावर मनोरुग्णालयातलं माझं पहिलं प्रकरण मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 89 चं, म्हणजे प्रतिनिधीच्या अर्जावरून रुग्णाला दाखल करण्याचं होतं. पस्तिशीची बाई, भावाने दाखल केलेली. मी केसपेपर वाचला, डॉक्टरांना भेटले, भावाशी व्हरांड्यात अर्धा तास बोलले. तिच्याशी बोलले ते जेमतेम दोन मिनिटं, तेही भाऊ शेजारी उभा असताना. अशी प्रकरणं तपासणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळापुढे सांगितलं की कागद व्यवस्थित आहेत, आमची हरकत नाही. बाहेर पडताना तिने माझी ओढणी धरली. "मॅडम, तुम्ही माझ्या वकील ना? मग सगळं दादाचंच कसं बोललात?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. सिस्टरना विचारून गोळ्यांची गुंगी उतरल्यावरची वेळ घेतली आणि एकटीने तिच्यासमोर बसले. तिला घरी जायचंच नव्हतं. आवाज ऐकू येत होते, झोप उडाली होती, औषध हवं होतं. नको होता तो फक्त प्रतिनिधी म्हणून भाऊ, कारण घराच्या वाटणीवरून दोघांचं बिनसलं होतं. तिला मावशी हवी होती. नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत मदत करायला रुग्णाने स्वतः निवडलेला माणूस, नेमायला कलम 14 नुसार साधा कागद आणि सही किंवा अंगठा पुरतो. हात थरथरत होता म्हणून तिने आधी वहीच्या मागच्या पानावर तीनदा सही गिरवली, मग खऱ्या कागदावर केली. तो कागद मी मंडळापुढे ठेवला. पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर तिचा आठवडा वाचला असता.

आपल्या वकीलमंडळींत या विषयाकडे बघण्याची एक जुनी सवय आहे: डॉक्टर म्हणतात ना, मग झालं. ती 1987 च्या कायद्यातून आली. तेव्हा नातेवाइकांच्या अर्जावर मॅजिस्ट्रेट दाखल करण्याचा आदेश द्यायचे आणि वकिलाचं काम अर्ज नीट टाइप करण्यापुरतं असायचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 हा 2018 मध्ये लागू झाला आणि निर्णयाचा केंद्रबिंदू रुग्णाकडे आला. आपली सवय मात्र तशीच राहिली. उलट टोकाचेही मित्र आहेत. त्यांना रुग्णालयातली प्रत्येक भरती बेकायदा कैद वाटते आणि ते जामिनाच्या अर्जासारखा युक्तिवाद करतात. मला दोन्ही पटत नाहीत, कारण दोघांनीही पक्षकाराला काही विचारलेलं नसतं. सगळ्यात जास्त राग येतो तो घटस्फोटाच्या दाव्यात बायकोचा जुना केसपेपर हत्यारासारखा वापरणाऱ्यांचा. तुमच्या पक्षकारावर ही वेळ आली आणि समोरच्याने आजाराचा पुरावा म्हणून काही दाखल केलं, तर त्याला हरकत घ्या. मग कलम 105 नुसार कोर्टाला ते प्रकरण मंडळाकडे तपासणीला पाठवावं लागतं.

उपचारांबाबत स्वतः निर्णय घेण्याच्या क्षमतेचं कलम 4 पाठ करा. माहिती समजणं, किंवा निर्णयाचे परिणाम उमगणं, किंवा बोलून, खुणेने वा कशानेही निर्णय सांगता येणं, हे त्यात बघायचं असतं. निर्णय इतरांना चुकीचा वाटला एवढ्यावरून क्षमता नाही असं ठरत नाही. निम्मे युक्तिवाद मी या एका वाक्यावर उभे केले आहेत.

कलम 89 खाली दाखल करायला मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर अशा दोघांनी स्वतंत्रपणे, दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत तपासलेलं लागतं. स्वतःला इजा करण्याची धमकी किंवा प्रयत्न, दुसऱ्याशी हिंसक वागणं किंवा त्याला इजेची भीती घालणं, किंवा स्वतःची काळजी न घेता आल्याने स्वतःला इजा होण्याचा धोका, यातलं काय घडलं ते नोंदीत शोधा. "आक्रमक वर्तन" एवढंच लिहिलेलं असेल तर कधी, कुणावर, काय केलं ते विचारा. एका फाइलमध्ये दोन्ही तपासण्या शब्दन् शब्द सारख्या होत्या, "जेवन" हा चुकीचा शब्दसुद्धा दोन्हीकडे तसाच. मंडळाच्या अध्यक्षांपुढे ती दोन पानं शेजारी ठेवली, फार बोलावं लागलं नाही. मुदत 30 दिवसांची. त्यापुढे कलम 90, तिथे दोन मानसोपचारतज्ज्ञ लागतात. बाई किंवा अल्पवयीन असेल तर मंडळाला तीन दिवसांत कळवायचं असतं, इतरांसाठी सात दिवसांत. संमतीची क्षमता दर सात दिवसांनी तपासल्याची नोंद आहे का तेही पाहा, ती बऱ्याचदा राहून गेलेली असते.

नातेवाइकांना शत्रू समजू नका. चार रात्री जागलेली आई तुमच्यासमोर रडते तेव्हा तिचं दुःख खरंच असतं. पण मी तुमची वकील नाही, हे तिला पहिल्या भेटीतच हळुवारपणे सांगा. नंतर सांगितलं तर तिला फसवल्यासारखं वाटतं.

आता अवघड प्रश्न. पक्षकार म्हणतो सोडवा, आणि तुम्हाला मनातून भीती वाटते की बाहेर गेला तर तो जिवाचं काहीतरी करून घेईल. मी अशा वेळी आधी त्याच्याशीच स्पष्ट बोलते: मंडळ हे विचारेल, तू काय सांगशील, घरी तुझ्यासोबत कोण असेल, गोळ्या कोण देईल. बऱ्याचदा यातूनच मधला मार्ग निघतो. तरीही तो ठाम राहिला तर मी त्याचीच बाजू मांडते. धोका सांगायला डॉक्टर तिथे असतात आणि मंडळातही मानसोपचारतज्ज्ञ असतो. त्याच्या बाजूने बोलणारी त्या खोलीत मी एकटीच असते. एकदा असं लढून हरले आणि निकाल ऐकून मला हायसं वाटलं. पुढच्या सुनावणीला मात्र पुन्हा त्याचंच म्हणणं मांडलं.

बऱ्या झालेल्या, पण घरचे न्यायला येत नाहीत म्हणून वॉर्डातच राहिलेल्या बायका तुम्हाला येरवड्यात, ठाण्यात, नागपुरात, रत्नागिरीत कुठेही भेटतील. घरच्यांनी नाकारलं एवढ्याच कारणावरून कुणाला संस्थेत ठेवता येत नाही, असं कलम 19 सांगतं. वॉर्डात गेलात की अशांची नावं सिस्टरना विचारा आणि त्यातल्या एकीचा अर्ज त्याच आठवड्यात मंडळाकडे द्या.