चालू नका, उभे राहा : मंडईतल्या फोटोग्राफीचा अनुभव

रस्त्यावरचे फोटो काढायला निघालेला नवा माणूस आधी चालत सुटतो. लक्ष्मी रोड, तुळशीबाग, शनिवारवाडा, तिथून नदीकाठ. संध्याकाळी कार्डवर ढीगभर फोटो असतात आणि त्यातल्या निम्म्यांत लोकांच्या पाठी. माझं सांगणं याच्या उलट आहे. एक जागा धरा, तिथेच पुन्हा पुन्हा जा आणि तिथलं काम कसं चालतं ते आधी समजून घ्या. काम कळलं की पुढच्या क्षणी काय होणार ते आधीच कळायला लागतं. रोजच्या जगण्याचे फोटो काढणाऱ्याला याहून जास्त उपयोगी पडणारं दुसरं काही मला अजून सापडलेलं नाही.

माझी जागा म्हणजे पुण्याची महात्मा फुले मंडई. १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ म्हणून सुरू झालेली ही इमारत मधोमध अष्टकोनी आहे. ओट्यांवर उंच बसलेले गाळेवाले, त्यांच्या डोक्यावर लोंबणारे दिवे आणि बाहेरून आत येणारा दिवसाचा उजेड. इथे दोन प्रकाश एकमेकांत मिसळतात, दिव्यांचा पिवळा आणि बाहेरचा निळसर. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवला तर प्रत्येक फोटोत रंग वेगळा येतो. मी तो ‘डेलाइट’वर कायम ठेवते. दिव्याखालचे चेहरे जरा पिवळे दिसतात, पण मंडई तशीच दिसते. टोमॅटोच्या ढिगावरून उलटणारा उजेड भाजीवाल्या मावशींच्या हनुवटीवर येतो, तो मला कुठल्याही स्टुडिओत मिळणार नाही.

आता काम समजणं म्हणजे काय ते सांगते. हमाल भरलेला हारा उचलतो तेव्हा आधी डोक्यावर चुंबळ बसवतो, मग गुडघ्यात वाकतो. दुसरा माणूस हात लावतो, हारा डोक्यावर येतो, मग हा उठतो आणि तोल सापडेपर्यंत क्षणभर थांबतो. नवे लोक तो चालायला लागला की फोटो काढतात. तोवर सगळं होऊन गेलेलं असतं. खरा फोटो असतो तो उठताना. मान ताठ होते, ओठ आवळले जातात, मदतीचा हात नुकताच सुटलेला असतो. हे एकदा नीट पाहिलं की चुंबळ डोक्यावर गेली रे गेली, तुम्ही योग्य बाजूला जाऊन उभे राहता.

गिऱ्हाइकाचंही तसंच. घासाघीस चालू असताना दोन्ही चेहरे ताणलेले असतात. भाजी तोलून होते, पैसे दिले जातात आणि मग भाजीवाली पिशवीत वरून चार मिरच्या नाहीतर कढीपत्त्याची काडी टाकते. तिथे दोघीही सैल होतात. त्या एका हालचालीसाठी मी खूप वेळ उभी राहिले आहे आणि पुढेही राहीन.

फोटो घेताना आधी मागचं बघा, माणूस नंतर. मागे बरी भिंत, अंधारलेली कमान किंवा एकाच रंगाचा ढीग आहे का? उजेड कुठे पडतोय? ती चौकट ठरवायची आणि माणूस तिच्यात येण्याची वाट बघायची. गर्दीच्या जागी बहुतेक वेळा तो येतोच.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. मोबाइल चालतो. त्याची मुख्य लेन्स फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) हिशेबात साधारण २४ ते २६ मिमीची असते, म्हणजे जवळ जावं लागतं आणि ती चांगलीच सवय आहे. कॅमेरा घेणार असाल तर २८ किंवा ३५ मिमीची एकच लेन्स घ्या, झूमचा मोह टाळा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्स, एफ ८ (एफचा आकडा मोठा तेवढं लेन्सचं छिद्र लहान) आणि फोकस हाताने ३ मीटरवर ठेवला की साधारण २ ते ७ मीटरमधलं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मग फोकसच्या चौकोनाशी झटापट राहत नाही, अंतराचा अंदाज तेवढा पक्का करायचा. चालत्या माणसासाठी शटर १/२५० सेकंद, पळत्या पोरासाठी १/५००. हे उन्हातलं गणित झालं. मंडईच्या आत मी एफ २.८, १/१२५ आणि आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) ३२०० पर्यंत जाते. फोटोत दाणे दिसतात. दिसू द्या, हललेल्या चेहऱ्यापेक्षा दाणे बरे.

शटर मुद्दाम हळू करूनही पाहा. छायाचित्रकार रघू राय यांचा १९९५ मधला चर्चगेट स्टेशनचा फोटो शोधून बघा. उतरलेली गर्दी नुसती धुरकट रेषा झाली आहे आणि मधे एक माणूस पेपर वाचत स्थिर. गर्दीचे लाखो फोटो निघतात, पण गर्दीत एकटं असणं इतकं साफ क्वचितच दिसतं. खांबाला टेकून १/८ सेकंदावर सराव करा. बरेच फोटो वाया जातात, पण कुठला माणूस स्थिर राहणार हे ओळखायची नजर येते.

सुरुवात वारी किंवा गणेशोत्सवाने करू नका, असं मी नव्या मुलांना आग्रहाने सांगते. तिथे गुलाल, ढोल, पताका सगळं आयतं मिळतं. फोटो बरा आला तर तो तुमच्यामुळे आला की गुलालामुळे, हे कळत नाही. साध्या मंगळवारी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, बसल्या बसल्या डुलक्या घेणाऱ्या बाजारात एक चांगला फोटो मिळाला तर तो तुमचा.

आता माणसांबद्दल, कारण खरं शिकायचं ते इथेच आहे. भवानी व्हायच्या आधी कुणाच्या गाळ्यापुढे कॅमेरा घेऊन उभं राहू नये. सकाळचा पहिला व्यवहार अजून व्हायचा असतो आणि तुम्ही जागा अडवून उभे. आधी काहीतरी विकत घ्या, बोला. “मावशी, एक फोटो काढू का?” एवढं पुरतं. हो म्हटलं की माणूस ताठ बसतो, पदर सारखा करतो. तो फोटो मनापासून काढा, तो त्यांचा आहे. मग तिथेच थोडं थांबा. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली की त्या आपल्या कामाला लागतात आणि तुमचं असणं त्यांना खुपत नाही. पुढच्या वेळी जाताना चार बाय सहाचा प्रिंट घेऊन जा. मोबाइलवर पाठवलेला फोटो हरवतो, प्रिंट गाळ्यावर लागतो. एकदा प्रिंट लागला की शेजारचे स्वतःहून हाक मारतात. “नको” म्हणाले तर कॅमेरा खाली आणि “बरं, राहू दे.” पुसा म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसायचा, वाद घालायचा नाही.

सार्वजनिक जागी फोटो काढायला आपल्याकडे सरसकट मनाई नाही. पण संरक्षण दलाच्या जागा, गोदी, विमानतळ अशा ठिकाणी निर्बंध असतात, मॉल ही खासगी जागा असते आणि स्टेशनवर आधी विचारलेलं बरं. कुणा बाईच्या खासगी क्षणाचं चोरून चित्रण करणं हा गुन्हाच आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ त्याला लागू होतं. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार संरक्षणाची गरज असलेल्या किंवा गुन्ह्यात अडकलेल्या मुलांची ओळख उघड करता येत नाही, म्हणून सिग्नलवरच्या मुलांचे चेहरे मी टाकत नाही. आणि कायद्यात बसतं म्हणून सगळंच काढायचं असंही नाही. फुटपाथवर झोपलेला माणूस, नशेत पडलेला माणूस यांना नाही म्हणायची सोय नसते. मी कॅमेरा उचलत नाही.

यावर नवे लोक विचारतात, मग गरिबीचे, कष्टाचे फोटो काढायचेच नाहीत का? काढायचे. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर केलेलं काम बघा. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंत घाण आहे, गटार आहे, पण बघणाऱ्याला दया येत नाही, राग येतो, शरम वाटते. जाता जाता टिपलेल्या फोटोत ते येत नाही. त्या माणसांबरोबर वेळ काढावा लागतो.

विषय लहान असला तरी चालतो, हेही लक्षात ठेवा. चिरोदीप चौधुरी यांनी मुंबईतली सार्वजनिक घड्याळं वर्षानुवर्षं टिपली. रघुबीर सिंग (१९४२–१९९९) रंगीत फोटो काढत राहिले, तेही कलेतला फोटो म्हणजे कृष्णधवल असं मानलं जायचं त्या काळात. आणि भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी. त्यांनी टिपलेली मुंबई सुरुवातीला नवऱ्याच्या नावावर छापली जायची. कॅमेरा घेऊन एकट्या बाजारात उभ्या राहणाऱ्या मुलींनी त्यांचं काम जरूर शोधावं.

फोटो निवडताना घाई नको. काढला त्याच रात्री तो फोटो आपल्याला त्या वेळच्या आनंदासकट दिसतो. अमेरिकेचे गॅरी विनोग्रँड मुद्दाम फिल्म बराच काळ धुवायचेच नाहीत. १९८४ मध्ये ते वारले तेव्हा सुमारे २,५०० रोल न धुतलेले राहिले होते. इतकं टोक गाठू नका, पण महिनाभर फोटो बाजूला ठेवा. मग असा माणूस गाठा ज्याने मंडई पाहिलेलीच नाही, आणि तो कुठे थांबतो ते बघा.

पैशांचं स्पष्ट सांगते. रस्त्यावरच्या फोटोंवर घर चालत नाही. बहुतेक जण लग्नं, प्रॉडक्ट, संस्थांची कामं, वर्तमानपत्रं यांवर पोट भरतात आणि हे आपल्या वेळात करतात. तरी दोन्ही एकमेकांना पोसतात. मंडईत उभं राहिलेल्या माणसाला लग्नातली पाठवणी आधी कळते. शिक्षणच हवं असेल तर एनआयडीच्या (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) गांधीनगर केंद्रात फोटोग्राफी डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं ‘पारी’ हे संकेतस्थळ गावाकडच्या लोकांचं रोजचं काम फोटोंसह मांडतं, तेही मराठीत वाचायला मिळतं. तुमच्या गावातला कुंभार, लोहार, मेंढपाळ तुम्हाला नीट माहीत असेल तर तिथे काय छापलं जातं ते आधी वाचा आणि मग लिहा.

आणि कागद नीट करा. आपल्याच मनाने काढलेल्या फोटोचा कॉपीराइट तुमचा, छापल्यानंतर ६० वर्षं. पण कुणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा ठरतो. म्हणून काम घेण्याआधी इमेलवर दोन ओळी लिहून घ्या : फोटो कुठे वापरणार, किती काळ, नाव येणार का. स्पर्धांचे नियमही शेवटपर्यंत वाचा. काहींत नुसता फोटो पाठवला तरी तो हवा तसा वापरायचा हक्क आयोजकांकडे जातो. आणि भाजीवाल्या मावशींचा फोटो उद्या कुणी जाहिरातीसाठी मागितला, तर आधी त्यांची लेखी संमती आणि पैशांत त्यांचा वाटा. हे जमणार नसेल तर फोटो द्यायचा नाही.